इंग्रजी वाक्यातील अल्पमात्रादर्शक क्रियाविशेषणांचे स्थान

१

'ती किंचित हसली' हे मराठी वाक्य जितके सहज आहे, तितकेच त्याचे शब्दशः इंग्रजी रूप, 'शी स्लाइटली स्माइल्ड', इंग्रजी भाषकाच्या कानाला अवघडलेले वाटते. त्याच ठिकाणी 'अ लिटल' हे शब्द घालून 'शी अ लिटल स्माइल्ड' असे म्हटले, तर ते इंग्रजी वाक्यच राहत नाही. 'शी स्माइल्ड स्लाइटली' किंवा 'शी स्माइल्ड अ लिटल' हीच तेथील स्वाभाविक रचना होय. ह्यावरून अल्पमात्रा दाखविणारा शब्द इंग्रजीत नेहमी क्रियापदानंतर येतो असा निष्कर्ष काढावा, तर 'ही ऑलमोस्ट फेल' आणि 'ही हार्डली स्लेप्ट' ही वाक्ये आडवी येतात. तो पडण्याच्या बेतात होता, त्याला झोप अशी लागलीच नाही, हे अर्थ सांगताना क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधीच आले पाहिजे.

आपल्या शालेय इंग्रजी व्याकरणांत परिमाणवाचक क्रियाविशेषण हे विशेष्याच्या आधी येते, 'इनफ' हा शब्द तेवढा नंतर येतो, अशा अर्थाचा नियम पाठ करून घेतला जातो. विशेषण व क्रियाविशेषण ह्यांच्यापुरता तो खरा आहे. क्रियापदाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. परिणामी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या लेखनातही हे शब्द मराठीच्या वळणाने क्रियापदाच्या मागे जाऊन बसतात, आणि ते का चुकले हे सांगताना शिक्षकालाही 'असा प्रघात आहे' ह्यापलीकडे जाता येत नाही.

केवळ प्रघात म्हणून हा प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही. ह्या शब्दांचे स्थान दोन गोष्टींनी ठरते असे दाखविता येते. एक, त्या शब्दाचे कुळ, म्हणजे तो मुळात नाम आहे की क्रियाविशेषण. आणि दुसरी, तो क्रियेसंबंधी कोणता प्रश्न उपस्थित करतो: क्रिया घडली की नाही, हा. की घडली ती किती, हा. प्रस्तुत लेखात ह्या दोन गोष्टींचे विवेचन करावयाचे आहे. इंग्रजी भाषक ज्या वाक्याचा स्वीकार करीत नाहीत त्याच्या आधी भाषाशास्त्रातील रूढीप्रमाणे तारका (*) दिली आहे.

२

मात्रा कमी करून सांगणाऱ्या ह्या शब्दांचा पद्धतशीर विचार ड्वाइट बोलिंजर ह्यांनी १९७२ मध्ये मात्रादर्शक शब्दांवरील आपल्या ग्रंथात केला. पुढे क्वर्क, ग्रीनबाउम, लीच व स्वार्टविक ह्यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणात त्यांचे चार गट केलेले आढळतात. सोयीसाठी त्या गटांना आपण मराठी नावे देऊ. पहिला गट समीपतादर्शकांचा: 'ऑलमोस्ट', 'नीअरली'. दुसरा तडजोडदर्शकांचा: 'रादर', 'काइंड ऑफ', 'सॉर्ट ऑफ'. तिसरा न्यूनतादर्शकांचा: 'स्लाइटली', 'समव्हॉट', 'अ लिटल', 'अ बिट'. चौथा नगण्यतादर्शकांचा: 'हार्डली', 'बेअरली', 'स्केअर्सली', आणि उपपदावाचून येणारा 'लिटल'.

हे वर्गीकरण अर्थावर आधारलेले आहे. परंतु स्थानाच्या दृष्टीने पाहिले असता त्यात एक ठळक रेषा दिसते.

(१) ही ऑलमोस्ट फेल. / *ही फेल ऑलमोस्ट.
(२) आय रादर लाइक इट. / *आय लाइक इट रादर.
(३) ही हार्डली स्लेप्ट. / *ही स्लेप्ट हार्डली.
(४) *ही अ लिटल स्लेप्ट. / ही स्लेप्ट अ लिटल.
(५) *द पेन अ बिट ईझ्ड. / द पेन ईझ्ड अ बिट.
(६) धिस स्लाइटली अल्टर्स द मीनिंग. / धिस अल्टर्स द मीनिंग स्लाइटली.

पहिला, दुसरा आणि बहुतांशी चौथा हे गट क्रियापदाच्या आधी उभे राहतात. तिसऱ्या गटातील 'अ लिटल' व 'अ बिट' क्रियापदानंतरच येतात. त्याच गटातील 'स्लाइटली' मात्र दोन्हीकडे वावरतो. म्हणजे अर्थाने एकाच गटात असलेले शब्दही स्थानाच्या बाबतीत भिन्न वागतात. तेव्हा केवळ अर्थ हे ह्या भेदाचे संपूर्ण कारण असू शकत नाही.

३

'अ लिटल' आणि 'अ बिट' ह्यांचे रूप प्रथम पाहावे. दोन्हींच्या आरंभी अनिश्चित उपपद आहे. आणि उपपद ही नामपदबंधाची खूण होय. 'बिट' ह्या शब्दाचा मूळ अर्थ दाताने तोडलेला तुकडा, घास, असा आहे. चावणे ह्या अर्थाच्या 'बाइट' ह्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. म्हणजे 'अ बिट' हे मुळात 'एक तुकडा' असे नाम असून क्रियाविशेषणाचे काम त्याने मागाहून पत्करले आहे.

आता अंतर, काल व परिमाण सांगणारी इतर नामे इंग्रजीत कोठे येतात ते पाहू. 'ही वॉक्ड अ माइल' (तो मैलभर चालला), 'ही वेटेड ॲन अवर' (तो तासभर थांबला), 'ही सफर्ड अ ग्रेट डील' (त्याने पुष्कळ सोसले). ही सर्व नामे क्रियापदानंतर येतात. '*ही ॲन अवर वेटेड' असे कोणी म्हणत नाही. ह्याच नामांचा संबंध विशेषणाशी आला म्हणजे मात्र ती त्याच्या आधी जातात: 'अ माइल लाँग' (मैलभर लांब), 'ॲन अवर लेट' (तासभर उशिरा), 'अ ग्रेट डील बेटर' (पुष्कळ बरा). 'अ लिटल' ह्याची वागणूक हुबेहूब अशीच आहे. 'ही वेटेड अ लिटल' येथे तो क्रियापदानंतर आहे, 'अ लिटल लेट' येथे विशेषणाच्या आधी. ज्याला आपण अल्पमात्रादर्शक क्रियाविशेषण म्हणतो ते वाक्यरचनेच्या दृष्टीने 'मैल' आणि 'तास' ह्यांच्या पंक्तीला बसणारे परिमाणवाचक नाम आहे, आणि आपल्या कुळाचे स्थान त्याने सोडलेले नाही.

संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केलेल्या वाचकाला हे नवीन वाटणार नाही. अष्टाध्यायीत (२.३.५) काल व मार्ग ह्यांची अखंड व्याप्ती दाखविताना द्वितीया विभक्ती सांगितली आहे. पुढील वैयाकरणांनी क्रियाविशेषण हे कर्मवत् मानून ते नपुंसकलिंगी, एकवचनी व द्वितीयान्त असते असे प्रतिपादन केले, आणि त्यासाठी 'स्तोकं पचति' हे उदाहरण रूढ झाले. 'थोडे शिजवतो' ह्या अर्थाचे हे उदाहरण नेमके अल्पमात्रेचे आहे, हा योगायोग मोठा उद्बोधक आहे. संस्कृतात विभक्तीने जे सांगितले जाते ते विभक्ती गमावलेली इंग्रजी स्थानाने सांगते. जुन्या इंग्रजीतही अंतर व कालावधी सांगणारी नामे द्वितीयेत येत असत. विभक्तिप्रत्यय झिजून गेले. कर्माच्या बाजूची जागा तेवढी शिल्लक राहिली.

'समव्हॉट' हा शब्द ह्या दृष्टीने मधल्या अवस्थेचा साक्षीदार आहे. 'काही' आणि 'काय' ह्या अर्थांचे दोन घटक जोडून तो सिद्ध झाला आहे, म्हणजे त्याचे मूळ सर्वनामाचे. 'हिज अँगर कूल्ड समव्हॉट' (त्याचा राग काहीसा निवळला) हे त्याचे जुन्या वळणाचे स्थान. परंतु दोन घटक एकजीव झाल्यावर त्याचे नामत्व विसरले गेले आणि 'धिस समव्हॉट रिड्यूसेस द रिस्क' (ह्यामुळे धोका काहीसा कमी होतो) अशी क्रियापदापूर्वीची जागाही त्याला मिळाली. 'स्लाइटली' तर विशेषणाला प्रत्यय लागून झालेले शुद्ध क्रियाविशेषण आहे. त्याला नामकुळाचे बंधन नाही.

४

'अ लिटल' कर्मासारखा वागतो असे म्हटल्यावर एक शंका उपस्थित होते. वाक्यात खरे कर्म असेल तर काय होते? इंग्रजीत क्रियापद व त्याचे कर्म ह्यांच्यामध्ये सहसा काहीही येऊ दिले जात नाही. 'ही मूव्हड द टेबल अ लिटल' असे म्हणतात. '*ही मूव्हड अ लिटल द टेबल' असे नव्हे. 'स्लाइटली' ह्यालाही येथे सवलत नाही: '*ही मूव्हड स्लाइटली द टेबल'. परिमाणवाचक नामांची रीत हीच आहे. 'ही पुश्ड द कार्ट अ माइल' (त्याने गाडा मैलभर ढकलला) ह्यात आधी कर्म, मग परिमाण. कर्म फार लांबलचक असेल तर ते वाक्याच्या शेवटी सरकते आणि क्रियाविशेषण मध्ये येऊ शकते. परंतु ती कर्माची हालचाल आहे, क्रियाविशेषणाची नव्हे. जेथे क्रियापदाला शब्दयोगी अव्ययाने जोडलेली पुरवणी असते, तेथे मात्र मध्ये जागा मोकळी असते: 'शी स्पोक अ लिटल अबाउट हर व्हिलेज' (ती आपल्या गावाविषयी थोडे बोलली). स्थल व काल दाखविणाऱ्या पदांच्या आधी मात्रा येते, हेही लक्षात ठेवावे: 'इट रेन्ड अ लिटल इन द ईव्हनिंग' (सायंकाळी थोडा पाऊस पडला).

हे बंधन सर्व युरोपीय भाषांत नाही. 'तो आईला थोडी मदत करतो' ह्या अर्थाच्या फ्रेंच वाक्यात क्रियापद, मग अल्पमात्रादर्शक, मग कर्म असा क्रम असतो. एमंड्स ह्यांनी १९७८ मध्ये नोंदविलेल्या ह्या भेदाची मीमांसा पोलॉक ह्यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात केली. त्यांच्या मते क्रियाविशेषणाची मूळ जागा दोन्ही भाषांत एकच आहे. फ्रेंचमध्ये काळाचा प्रत्यय घेणारे क्रियापद ते ओलांडून पुढे जाते, इंग्रजीत मुख्य क्रियापद जागचे हलत नाही. इंग्रजीत 'बी' आणि 'हॅव्ह' ही साहाय्यक क्रियापदे मात्र पुढे जातात. म्हणून 'ही हॅज ऑलमोस्ट फिनिश्ड' ह्यात साहाय्यक आधी, क्रियाविशेषण नंतर, असा क्रम होतो. शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीतील मुख्य क्रियापदही पुढे जात असे आणि नकारार्थी 'नॉट' त्याच्यानंतर येऊ शके. तेव्हा आजचे हे बंधन इंग्रजीच्या इतिहासात तसे अलीकडचे आहे.

५

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. क्रियापदापूर्वी येणाऱ्या शब्दांचे अर्थ तपासले असता ते सारे क्रियेच्या उंबरठ्याशी संबंधित आहेत असे दिसून येते. 'ऑलमोस्ट' सांगतो की उंबरठा ओलांडला गेला नाही. 'बेअरली' सांगतो की तो जेमतेम ओलांडला गेला. 'हार्डली' सांगतो की ओलांडला असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. 'रादर' आणि 'काइंड ऑफ' हे शब्द, वक्त्याने निवडलेले क्रियापद येथे लागू करावे की नाही, ह्याविषयीचा त्याचा संकोच व्यक्त करतात. ह्याउलट 'अ लिटल' आणि 'अ बिट' उंबरठ्याचा प्रश्न निकालात निघाला आहे असे गृहीत धरतात. क्रिया घडली आहे. आता तिचे माप घ्यावयाचे आहे.

ह्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 'लिटल' ह्या एकाच शब्दात मिळतो. 'ही स्लेप्ट अ लिटल' म्हणजे तो थोडा झोपला. 'ही स्लेप्ट लिटल' म्हणजे त्याला फारशी झोप मिळाली नाही. आणि 'ही लिटल न्यू' म्हणजे त्याला मुळीच कल्पना नव्हती. उपपद गळताच शब्द नकाराकडे झुकतो, आणि जाणणे, कल्पिणे अशा अर्थाच्या क्रियापदांच्या आधी तो जाताच नकार पूर्ण होतो. म्हणूनच 'लिटल डिड ही नो' अशी, नकारार्थी शब्द वाक्यारंभी आल्यावर होणारी, साहाय्यक क्रियापदाची उलटापालट तो घडवून आणतो. 'हार्डली' हाही तसेच करतो. '*अ लिटल डिड ही स्लीप' असे मात्र कधी होत नाही. उपपदरहित 'लिटल' हा अपूर्ण नकार असून उपपदयुक्त रूप होकारार्थी आहे, हे येस्पर्सन ह्यांनी नकारावरील आपल्या १९१७ च्या निबंधात नोंदविलेच होते. फ्रेंचमधील अशाच जोडीचे विवेचन ओस्वाल्द द्युक्रो ह्यांनी १९७२ मध्ये केले: दोन्ही रूपे सांगतात ते प्रमाण जवळपास एकच असले, तरी ऐकणाऱ्याला ती विरुद्ध निष्कर्षांकडे नेतात.

'अ लिटल' आणि 'अ बिट' एकमेकांचे पूर्ण पर्याय आहेत असेही समजू नये. नकाराच्या कक्षेत ते फुटून निघतात. 'इट डिडन्ट हर्ट अ बिट' म्हणजे मुळीच दुखले नाही. परंतु 'इट सरप्राइज्ड हिम नॉट अ लिटल' म्हणजे त्याला मोठेच आश्चर्य वाटले. तुकडाही नाही म्हणजे काहीच नाही. थोडे नव्हे म्हणजे पुष्कळ.

माप कशाचे घ्यावयाचे हे क्रियापदाच्या जातीवर अवलंबून असते. व्हेंडलर ह्यांनी १९५७ मध्ये केलेली क्रियापदांची विभागणी येथे उपयोगी पडते. पाऊस पडणे, चालणे अशा व्यापारांत 'अ लिटल' हा काल वा प्रमाण मोजतो. ओळखणे, आवडणे अशा स्थितींत तो तीव्रता मोजतो. निवणे, रुंदावणे, भाव चढणे अशा क्रमिक बदलांत तो बदलाचे अंतर मोजतो. पण एका क्षणी घडून संपणाऱ्या क्रियेत मोजण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून '*द ट्रेन अराइव्हड अ लिटल' हे वाक्य अशक्य, आणि उंबरठ्याचा प्रश्न तेथेही शिल्लक राहत असल्यामुळे 'द ट्रेन हॅज ऑलमोस्ट अराइव्हड' हे शक्य. मराठीतही 'गाडी थोडी पोहोचली' असे आपण म्हणत नाही, 'गाडी जवळजवळ पोहोचली' असे म्हणतो. अर्थाचा हा नियम दोन्ही भाषांत समान आहे. भेद आहे तो केवळ स्थानाचा.

६

मराठीत स्थान बोलत नसेल तर कोण बोलते? 'तो थोडा हसला', 'ती थोडी हसली', 'ते मूल थोडे हसले' ह्या वाक्यांत 'थोडा' हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतो. नावाने क्रियाविशेषण असूनही त्याने आपले विशेषणाचे कुळ सोडलेले नाही. इंग्रजीतील 'अ लिटल' आपले कुळ स्थानाने जपतो, मराठीतील 'थोडा' विकाराने. 'किंचित' आणि 'जरा' हे मात्र अविकारी आहेत. अर्थाचा उगम पाहावा, तर 'थोडा' ह्याच्या मुळाशी असलेल्या 'स्तोक' ह्या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ थेंब असा आहे, आणि 'जरा' हा अरबी-फारसीतील कण ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. घास, थेंब, कण: अल्पमात्रा सांगण्यासाठी भाषा अशा इवल्या वस्तूंकडेच वळतात.

ह्या भिन्नतेमुळे भाषांतरात जे धोके संभवतात, त्यांतील दोन विशेष महत्त्वाचे होत. पहिला, उंबरठा आणि माप ह्यांची गल्लत. साक्षीदार 'मी त्यांना थोडेफार ओळखतो' असे म्हणाला, तर तो ओळख मान्य करीत आहे. 'आय नो देम अ लिटल' हे त्याचे योग्य भाषांतर. त्याऐवजी 'आय हार्डली नो देम' असे लिहिले गेले, तर त्याने ओळख जवळजवळ नाकारल्याची नोंद होईल. रुग्णाने 'थोडे खाल्ले' आणि 'जेमतेम खाल्ले' ह्यांतील भेदही असाच आहे. दोन्ही वेळा ताटातील अन्न तेवढेच कमी झाले असेल, पण वाचणारा वैद्य निष्कर्ष वेगळा काढील. समीपतादर्शकांच्या बाबतीत मराठी पुष्कळदा क्रियाविशेषण वापरीतच नाही. 'ही ऑलमोस्ट फेल' ह्याला आपण 'तो पडता पडता वाचला' असे म्हणतो. तेथे शब्दाला शब्द शोधीत बसणे व्यर्थ होय.

दुसरा धोका 'जरा' ह्या शब्दाचा. 'खिडकी थोडी उघडा' ह्यात खिडकी किती उघडावयाची ते सांगितले आहे. 'जरा खिडकी उघडा' ह्यात मात्र खिडकी पूर्ण उघडली तरी चालते. अल्प केले आहे ते विनंतीचे ओझे. पहिल्याचे इंग्रजी 'ओपन द विंडो अ लिटल' असे बरोबर होईल. दुसऱ्याचे तसे केल्यास आर्जव नाहीसे होऊन तेथे माप येईल. त्यासाठी 'वुड यू ओपन द विंडो' अशी प्रश्नार्थक सौजन्याची रचनाच योजली पाहिजे. 'खिडकी जरा उघडा' हे वाक्य दोन्ही अर्थांना मोकळे आहे. म्हणून भाषांतरकाराने आधी प्रसंग पाहावा.

७

वरील विवेचनावरून वर्गात सांगता येण्याजोगी तीन सूत्रे हाती येतात. अल्पमात्रादर्शक शब्दाच्या आरंभी उपपद असेल तर तो परिमाणवाचक नाम समजावा, आणि क्रियापदानंतर, कर्म असल्यास कर्मानंतर, ठेवावा. शब्द क्रियेच्या उंबरठ्यासंबंधी बोलत असेल तर तो मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवावा. 'स्लाइटली' सारखे शब्द दोन्हीकडे चालतात. परंतु क्रियापद अकर्मक असेल तर त्यांना नंतरची जागा अधिक शोभते, सकर्मक असेल तर दोन्ही जागा खुल्या असतात. फक्त क्रियापद आणि कर्म ह्यांच्यामध्ये त्यांना शिरू देऊ नये.

ही सूत्रे पाठ करण्यापेक्षा त्यांच्या मागील प्रश्न विचारण्याची सवय लागणे अधिक हिताचे. मराठी वाक्यातील 'थोडा', 'किंचित', 'जरा', 'जेमतेम' ह्यांपैकी कोणताही शब्द इंग्रजीत नेताना, तो माप सांगतो, उंबरठा सांगतो, की नुसते आर्जव करतो, हे आधी ठरवावे. ते एकदा ठरले की इंग्रजी शब्द कोणता आणि तो कोठे ठेवावयाचा, हे दोन्ही प्रश्न बहुधा एकदमच सुटतात.